जुन्या संगणकावर पहिलं लिनक्स: मिंट, लुबुंटू, एमएक्स की अँटीएक्स?

संगणक जुना झालाय, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचंय, असं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "सगळ्यात हलकं जे असेल ते घे." हा सल्ला मला अर्धाच पटतो. सगळ्यात हलकी सिस्टीम पहिल्या दिवशी भुर्रकन पळते, यात शंका नाही. पण चार दिवसांनी वायफाय बदलावं लागतं, प्रिंटर जोडायचा असतो, स्क्रीनचा उजेड कमी करायचा असतो, आणि दर वेळी "अमुक फाइल उघडा, तमुक ओळ बदला" असं उत्तर मिळतं. नवखा माणूस तिथे थकतो आणि संगणक परत कपाटात जातो. नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून देताना हे मी बऱ्याचदा पाहिलंय. म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी सगळ्यात सोयीचं काय ते बघायचं, आणि मशीनला ते झेपत नसेल तरच एक पायरी खाली उतरायचं. लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्यांना डिस्ट्रो म्हणतात; मिंट, लुबुंटू, एमएक्स आणि अँटीएक्स हे त्यातलेच.

आधी मशीन कुठल्या काळातलं आहे ते बघा

"जुना" हा शब्द फार सैल आहे. विंडोज १० चा आधार (म्हणजे नेहमीची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१४-१५ चे उत्तम चालणारे लॅपटॉपही एकदम "जुने" ठरले. लिनक्सच्या दृष्टीने ते जुने नाहीतच. तुमच्याकडे असा आय३ किंवा आय५ असेल आणि रॅम ४ जीबी किंवा जास्त असेल, तर लिनक्स मिंट टाका. निवडीपुरता तुमचा प्रश्न संपला. शेवटचा इन्स्टॉल करण्याचा भाग तेवढा वाचा.

खरा विचार करावा लागतो तो २००६ ते २०१२ च्या दरम्यानच्या मशीनसाठी. तिथे दोन गोष्टी तपासा: रॅम किती आहे आणि प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, कारण आजचे बहुतेक डिस्ट्रो ६४ बिटवरच चालतात. कोअर २ ड्युओ ६४ बिटचा आहे. पण नावात "२" नसलेला कोअर ड्युओ, पेंटियम एम आणि छोट्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७० हे ३२ बिटचे. नावं इतकी सारखी आहेत की भल्याभल्यांची फसगत होते. प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि क्रमांक लिहून घ्या आणि इंटेलच्या किंवा एएमडीच्या संकेतस्थळावर तो ६४ बिटचा आहे का, एवढं बघा.

मिंट एक्सएफसीई आणि लुबुंटू: खरी चुरस इथे आहे

६४ बिटचा प्रोसेसर आणि २ ते ४ जीबी रॅम असेल तर बहुतेकांची निवड या दोघांत होते. दोघांचा पाया एकच, उबुंटू नावाचा डिस्ट्रो. मिंटची २२ ही मालिका आणि लुबुंटू २४.०४ ही दोन्ही उबुंटू २४.०४ वरच उभी आहेत. तरी हाताळताना फरक जाणवतो.

मिंट तीन डेस्कटॉपांसह, म्हणजे दिसण्या-हाताळण्याच्या तीन रूपांत मिळतं: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. जुन्या मशीनसाठी एक्सएफसीई घ्या. सिनॅमन देखणं आहे, पण ते ग्राफिक्सवर जास्त भार टाकतं. मिंटची अधिकृत अपेक्षा किमान २ जीबी रॅम आणि आरामात चालण्यासाठी ४ जीबी अशी आहे. डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते.

मिंटच्या बाजूने माझा कौल जातो तो नवख्या माणसाच्या अडचणी आधीच ओळखल्यासारखी त्याची साधनं असल्यामुळे. ड्रायव्हर मॅनेजर हे त्यातलं सगळ्यात मोलाचं. जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची वायफाय चिप बऱ्याचदा असते आणि तिचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्रॅम) वेगळा टाकावा लागतो. ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, असा पेच पडतो. मिंटमध्ये ज्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं तोच परत लावला की ड्रायव्हर मॅनेजर त्यातून ड्रायव्हर उचलू शकतो. टाइमशिफ्ट हे दुसरं साधन. ते सिस्टीमची एक प्रत जपून ठेवतं आणि एखादं अपडेट बिघडलं तर मागच्या तारखेला परत नेतं. शिकणाऱ्या माणसाला "काही बिघडलं तरी परत येता येतं" हा धीर फार मोठा असतो.

लुबुंटूचा डेस्कटॉप एलएक्सक्यूटी. २०१८ पासून लुबुंटूने तो स्वीकारला. एक्सएफसीईपेक्षा तो थोडा हलका आहे, आणि रॅम २ जीबी असेल तेव्हा हा थोडासा फरकही कामी येतो. दिसायला तो जुन्या विंडोजच्या जवळचा आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. ज्यांना फक्त ब्राउझर, एखादं पत्र टाइप करणं आणि गाणी एवढंच हवंय त्यांना यात काही कमी पडत नाही.

दोन गोष्टी मात्र निर्णयाआधी माहीत असायला हव्यात. पहिली, लुबुंटूत फायरफॉक्स "स्नॅप" नावाच्या बंदिस्त पुडक्यातून येतो. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना चांगलाच रेंगाळतो. मिंट स्नॅप वापरत नाही. तिथे २०२२ पासून फायरफॉक्स मोझिलाने बांधलेला, नेहमीच्या पॅकेजच्या रूपात मिळतो. दुसरी गोष्ट आधाराच्या मुदतीची. पाया एकच असूनही लुबुंटू २४.०४ ला तीन वर्षं, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट मिळतात, तर मिंट २२ ला २०२९ पर्यंत. आई-वडिलांसाठी संगणक लावून देत असाल आणि दर वर्षी जाऊन बघणं शक्य नसेल, तर ही दोन वर्षं डेस्कटॉपच्या हलकेपणापेक्षा महत्त्वाची.

म्हणून माझा हिशेब असा: ४ जीबी रॅम असेल तर मिंट, डोळे मिटून. २ जीबी असेल आणि ती वाढवता येत नसेल तर लुबुंटू करून बघा. ३ जीबीला मी तरी मिंटच टाकतो.

एमएक्स लिनक्स कोणासाठी?

एमएक्स डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोवर उभं आहे आणि अँटीएक्स व जुन्या मेपिस या दोन गटांच्या लोकांनी मिळून ते घडवलं. मुख्य आवृत्ती एक्सएफसीईचीच, शिवाय फ्लक्सबॉक्सची आणखी हलकी आवृत्तीही आहे. मिंटइतकंच ते भरवशाचं आहे. पण "एमएक्स टूल्स"मध्ये इतकी साधनं आहेत की नवख्याला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. ज्याला उघडून बघायची, खटपट करायची आवड आहे त्याला मी हेच सुचवेन.

एका परिस्थितीत एमएक्सला तोड नाही. लॅपटॉपची हार्ड डिस्क मेलेली आहे आणि बाकी सगळं ठीक आहे, अशी मशीन बरीच असतात. एमएक्स पेन ड्राइव्हवरूनच कायम चालवता येतं. तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम, बदललेल्या सेटिंग्ज, साठवलेल्या फाइल्स पेन ड्राइव्हवरच राहतात. ही सोय इतरांकडेही आहे, पण एमएक्समध्ये ती खिडकीतली बटणं दाबून लावता येते.

अँटीएक्स: शेवटची पायरी

५१२ एमबी किंवा १ जीबी रॅमच्या मशीनवर मिंट-लुबुंटूची गोष्ट विसरा. तिथे अँटीएक्स. त्यात पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएमसारखा नुसता खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम आहे आणि सिस्टीम सुरू करून मागची कामं सांभाळणारं सिस्टमडी वगळलेलं आहे. त्यामुळे जिथे इतर सिस्टीम सुरू होतानाच रॅम संपवतात तिथे अँटीएक्स कामाला जागा सोडतं. मेनूमध्ये मात्र एकाच कामाचे दोन-तीन प्रोग्रॅम दिसतात, आणि इथे-तिथे टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडावं लागतं. हे कष्ट घ्यायची तयारी असेल तरच घ्या. मशीनला मिंट झेपत असताना केवळ हलकं म्हणून अँटीएक्स टाकणं मला चूक वाटतं.

पपी लिनक्सचं नावही तुमच्या कानावर येईल. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये ते सुरू केलं. ते पूर्ण रॅममध्ये चढतं, त्यामुळे वेग थक्क करणारा. पण ते थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता म्हणून चालतं आणि फाइल साठवायची त्याची पद्धत वेगळी आहे. बंद पडलेल्या संगणकातून फोटो वाचवायला ते उत्तम, रोजच्या वापराला नवख्याने घेऊ नये.

३२ बिटवाल्यांना सरळ सांगायचं तर

वाट अरुंद झाली आहे. लुबुंटूने १९.०४ पासून आणि मिंटने २०२० मधल्या आवृत्ती २० पासून ३२ बिट सोडलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट संगणकासाठी इन्स्टॉलरच नाही, आणि त्यावर आधारलेल्या एमएक्स २५ मध्येही ३२ बिटची आवृत्ती नाही. उरतं अँटीएक्स २३ किंवा डेबियन १२. त्यातही ब्राउझरचा अडथळा आहे. क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं आणि फायरफॉक्सच्या मुख्य आवृत्तीने १४४ नंतर थांबवलं. असं मशीन लिहिण्यासाठी, गाणी ऐकण्यासाठी, मुलांना टंकलेखन शिकवण्यासाठी जरूर जिवंत ठेवा. बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

डिस्ट्रोपेक्षा मोठा फरक

आता जे सांगतो ते वरच्या सगळ्या तुलनेपेक्षा महत्त्वाचं आहे. संगणक हळू चालतो त्याचं कारण बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क आणि ब्राउझर असतं. मिंटऐवजी लुबुंटू टाकून काहीशे एमबी रॅम वाचते, पण आजची एखादी जड वेबसाइट तेवढी रॅम एका टॅबमध्ये खाते. ती खाताना मिंट काय आणि अँटीएक्स काय, सारखंच.

म्हणून साटा पद्धतीची डिस्क जोडणी असलेला लॅपटॉप असेल तर आधी अडीच इंची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवा. कोअर २ ड्युओच्या काळातल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती बसते, दोन-चार स्क्रूंचं काम असतं. एका २ जीबीच्या लॅपटॉपवर मी आधी लुबुंटू टाकलं होतं, तरी तो कुरकुरतच होता. एसएसडी बसवून आणि रॅम ४ जीबी करून त्यावर मिंट टाकलं, तेव्हा जास्त जड सिस्टीम असूनही तो कितीतरी चपळ झाला. रॅम घेताना डीडीआर२ की डीडीआर३ ते नीट बघा, एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. रॅम वाढवता येत नसेल तर झेडरॅम सुरू करा. ते रॅममधलाच मजकूर दाबून बसवतं आणि डिस्ककडे धाव घ्यायची वेळ कमी येते. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका. जाहिराती गेल्या की जुन्या प्रोसेसरला श्वास मिळतो.

मराठी लिहिण्याबाबत यांच्यात निवडण्यासारखा फरक नाही. कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कगप दोन्ही असतात.

इन्स्टॉल करण्याआधी

८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. विंडोजवर रूफस हा प्रोग्रॅम वापरून त्यावर आयएसओ फाइल (डिस्ट्रोची उतरवून घेतलेली फाइल) चढवा. दोन-तीन डिस्ट्रो तपासायचे असतील तर मोठा पेन ड्राइव्ह घेऊन व्हेंटॉय वापरा, त्यात आयएसओ फाइल्स नुसत्या कॉपी करायच्या. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करण्यासाठीच्या बूट मेनूची कळ मशीननुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी बदलते.

पेन ड्राइव्हवरून चालवताना वेगावर मत बनवू नका, जुना यूएसबी २.० पोर्ट सगळ्यांनाच हळू करतो. तिथे तपासायचं ते हे: वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटून उघडल्यावर संगणक जागा होतो का. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, लिनक्सला ते तारेचं इंटरनेट वाटतं.

विंडोज शेजारी ठेवावं का? छोट्या डिस्कवर मी तरी ठेवत नाही. दोन्ही अर्ध्या जागेत गुदमरतात. फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर काढा, ती उघडतात का बघा, आणि मगच पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडा. त्या बटणानंतर परत फिरता येत नाही. फाइल्स पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समधून काढणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करून मशीन पूर्ण बंद करा, नाहीतर विंडोजचा भाग नीट उघडत नाही.

आणि वर्षानुवर्षं पडून असलेला संगणक असेल तर कोपऱ्यातली तारीख बघा. ती दहा-पंधरा वर्षं मागची दिसत असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. तारीख चुकीची असली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित वेबसाइटला असुरक्षित म्हणतो, अपडेटही अडतात, आणि माणूस बिचारा डिस्ट्रो बदलत बसतो. ती नाण्याएवढी बॅटरी आधी बदला.