दुर्बिणीशिवाय पोटाची तपासणी : जळगावातील एका निदान केंद्राचा अनुभव

माझ्या थोरल्या बहिणीला जेवणानंतर पोटात गुबारा धरणे, करपट ढेकर येणे आणि अधूनमधून शौचास पातळ होणे हा त्रास दीर्घकाळ होता. सोनोग्राफी आणि रक्ताचे साधे अहवाल प्रत्येक वेळी निर्दोष येत, आणि दुर्बिणीच्या तपासणीला ती काही केल्या तयार होत नव्हती. अशा रुग्णांसाठी श्वासाच्या आणि शौचाच्या चाचण्या करणाऱ्या जळगावातील एका खासगी निदान केंद्राची सेवा तिच्या निमित्ताने मला जवळून पाहता आली. चाचण्या खरोखर उपयोगाच्या आहेत आणि त्या करणारी माणसे जाणती आहेत, परंतु पूर्वतयारी सांगण्याच्या बाबतीत हे केंद्र कमी पडते, आणि या चाचण्यांचा खरेखोटेपणा तर पूर्वतयारीवरच अवलंबून असतो.

सर्वांत महत्त्वाची चाचणी म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूसाठीची युरिया श्वासचाचणी. जठराचा दाह आणि अल्सर यांच्यामागे हा जंतू असतो हे ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू युरियाचे विघटन करतो. म्हणून रुग्णाला कार्बन-१३ या किरणोत्सर्ग नसलेल्या कार्बनची खूण असलेला युरिया पाण्यातून देतात. जंतू असेल तर तोच कार्बन थोड्या वेळात उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधून बाहेर पडतो. एक पिशवी युरिया घेण्याआधी फुंकायची, दुसरी अर्ध्या तासाने, एवढेच रुग्णाचे काम. सुई नाही, नळी नाही.

फोनवर मात्र आम्हाला फक्त ‘उपाशीपोटी या’ एवढेच सांगण्यात आले होते. आम्ही भल्या सकाळी एसटीने पोहोचलो, पैसे भरले, आणि पिशवीवर नाव लिहिता लिहिता तंत्रज्ञ बाईंनी विचारले, “ताई, अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे का?” बहिणीने आज सकाळीही घेतल्याचे सांगताच त्यांनी पिशवी बाजूला ठेवली. “मग आज करत नाही. डॉक्टरांना विचारून गोळी दोन आठवडे बंद ठेवा आणि मग या. नाहीतर जंतू असूनही अहवालात नाही असेच येईल.” त्यांनी पैसे परत करायला लावले. आलेला रुग्ण परत पाठवण्याचा हा प्रामाणिकपणा मला या केंद्रातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. पॅन्टोप्राझोलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दोन आठवडे, तर प्रतिजैविके आणि बिस्मथ हे पोटाचे औषध चार आठवडे आधीपासून बंद असावी लागतात. फोन घेणाऱ्या व्यक्तीने हा एकच प्रश्न विचारला असता तर आमची फेरी वाचली असती, आणि नंदुरबार किंवा शिरपूरहून येणाऱ्या माणसाचा तर संपूर्ण दिवसाचा रोजगार वाचला असता.

शौचाच्या नमुन्यातील कॅल्प्रोटेक्टिन ही दुसरी चाचणी आवर्जून करून घेण्यासारखी आहे. आतड्याला सूज असेल तर पांढऱ्या पेशींतील हे प्रथिन शौचात वाढते. ते ५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमच्या आत असेल तर बहुधा आतड्याचा दाह नसून आयबीएससारखा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) कार्यात्मक, म्हणजे सूज नसताना आतड्याच्या कामात होणारा बिघाड असतो. वाढलेला आकडा मात्र आतड्याच्या क्षयरोगातही दिसतो आणि वेदनाशामक गोळ्यांमुळेही येऊ शकतो, त्यामुळे तो डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. इथला नमुना मुंबईला जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीकडे झुकत असताना नमुना बर्फाच्या पेटीतून जातो का, हे मी मुद्दाम विचारले. पेटी समोर आणून दाखवण्यात आली.

गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारासाठीची रक्तचाचणी खानदेशात विशेष जपून करावी लागते. आपल्याकडे ज्वारी, बाजरी आणि कळण्याची भाकरी हेच अनेकांचे रोजचे अन्न असते आणि पोट बिघडले की माणूस पोळी आपणहून सोडतो. ग्लुटेन पोटात जात नसेल तर आजार असूनही ही चाचणी निर्दोष येऊ शकते. त्यासाठी आधी निदान सहा आठवडे रोज गहू खाल्लेला असावा लागतो. याविषयी केंद्रात कोणीही काही विचारले नाही.

केंद्राच्या ‘पोटविकार पॅकेज’मध्ये अन्नपदार्थांच्या आयजीजी प्रतिपिंडांची (शरीर त्या पदार्थांविरुद्ध रक्तात तयार करते त्या प्रथिनांची) लांबलचक चाचणीही आहे. ती घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. ही प्रतिपिंडे बहुतांशी तो पदार्थ खाण्यात असल्याची खूण असतात, आणि अशा अहवालावरून घाबरून लोक डाळी-दूध सोडून अशक्त होतात. तसेच वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, रक्तक्षय, गिळताना अडकणे किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेला त्रास यांपैकी काही असेल तर या केंद्रात वेळ न घालवता पोटविकारतज्ज्ञांकडे जावे. तिथे दुर्बिणीला पर्याय नाही.

बहिणीच्या श्वासचाचणीत जंतू सापडला, कॅल्प्रोटेक्टिन निर्दोष आले. औषधे पूर्ण झाल्यानंतर चार आठवड्यांचे अंतर ठेवून केलेल्या फेरतपासणीत जंतू गेल्याचे दिसले. करपट ढेकर थांबले आहेत, गुबारा मात्र अजून धरतो, म्हणून डॉक्टरांनी आता दुधातील साखरेसाठीची हायड्रोजन श्वासचाचणी सुचवली आहे. तीही आम्ही इथेच करणार आहोत. या चाचणीसाठी मिळालेल्या इंग्रजी कागदावर आदल्या दिवशी ‘लो फायबर डाएट’ घ्यावे एवढेच छापले आहे. भाकरी, डाळ, वांग्याचे भरीत, कांदा, लसूण, दूध आणि केळी त्या दिवशी बंद, साधा पांढरा भात चालेल, असे मराठीत चार ओळींत छापायला केंद्राला फारसा खर्च येणार नाही. तशी लेखी सूचना मी त्यांच्या व्यवस्थापकांकडे दिली आहे.