तळ्यातील एरेटर : यंत्र उत्तम, टायमर तापदायक

ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या तळ्यात तळाशी हवा सोडणारा एरेटर बसवून एक पावसाळा उलटला. गेल्या महिन्यात सडक्या अंड्यांसारखा वास पुन्हा सुटला, म्हणून हे लिहीत आहे. अश्वशक्ती वगैरे तपशील माहितीपत्रकात आहेतच.

यंत्राच्या कामाबद्दल तक्रार नाही. कारंजे वरचेच पाणी उडवते. एरेटरच्या डिफ्युजरचे, म्हणजे तळाशी बसवलेल्या सच्छिद्र चकतीचे, बुडबुडे मात्र तळचे पाणी वर आणतात, त्यामुळे गाळापर्यंत प्राणवायू पोहोचतो, हायड्रोजन सल्फाइडची दुर्गंधी थांबते आणि गाळातून सुटणाऱ्या फॉस्फरसवर पोसणाऱ्या शेवाळालाही आळा बसतो. सोबतच्या जिवाणूंच्या पुडीला मी सुरुवातीला भुर्दंड म्हणत होतो. आता तसे म्हणवत नाही, कारण निर्माल्य आणि पाचोळा कुजून काठाशी साचणारा काळा थर यंदा बांबूने चाचपला तेव्हा पातळ लागला. श्रेय पुडीचे किती आणि हवेचे किती हे वेगळे काढता येत नसल्याने पुढची खरेदी निम्मीच करावी, असे मी कमिटीला सुचवले आहे.

खरा ताप टायमरचा आहे. त्यात बॅटरी नाही, त्यामुळे क्षणभर वीज गेली तरी घड्याळ रात्रीच्या बारावर येते. आम्ही रात्री दहा ते सकाळी सात अशी वेळ लावली होती. भर दुपारी बाराला वीज गेली की यंत्र दुपारी सुरू होऊन संध्याकाळी सातला बंद पडते आणि रात्रभर गप्प राहते. दिवसा शेवाळ स्वतःच प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेही तो वापरते, त्यामुळे सूर्योदयापूर्वी पाण्यात तो सर्वांत कमी असतो. नेमक्या त्याच वेळी यंत्र बंद, आणि तिलापिया मासे पाण्यावर तोंडे काढून धापा टाकत असलेले!

सर्व्हिसच्या माणसाने संपूर्ण पॅनेल बदलायला सांगितले, ते एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) बसत नाही हेही ऐकवले आणि जाता जाता मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकण्याचा सल्ला दिला. मोरचुदाने शेवाळ मरते खरे, पण ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि तांबे गाळात साठते. म्हणून आम्ही नकार दिला. अखेर आमच्याच इलेक्ट्रिशियनने बाजारातला बॅटरीवाला टायमर पॅनेलच्या किमतीच्या अगदी किरकोळ भागात बसवून दिला. वास गेला, कंपनीच्या म्हणण्यानुसार वॉरंटीही गेली.

हे यंत्र घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी विक्रेत्याला मेन स्विच एकदा बंद करून चालू करायला सांगावे आणि टायमर कोणती वेळ दाखवतो ते पाहावे.