हलके बेस हेड: काही महिने स्टेजवर वापरल्यानंतर

गेले काही महिने मी साधारण दोन किलो वजनाचे, क्लास डी पद्धतीचे (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून शक्ती देणारे) ५०० वॅटचे बेस हेड, म्हणजे बेस गिटारचा स्पीकरविरहित ॲम्प्लिफायर, प्रत्येक कार्यक्रमात वापरत आहे. त्याचे मॉडेल येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते या वर्गातील जवळजवळ प्रत्येक हेडला लागू पडते. शिवाय निवड करताना पुढच्या पॅनेलवरील नावापेक्षा मागच्या पॅनेलवर काय छापले आहे हे अधिक उपयोगी ठरते, असे माझे मत झाले आहे.

वजनाबद्दल फार लिहायला नको. १९६९ साली आलेल्या ॲम्पेगच्या एसव्हीटी या ३०० वॅटच्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) हेडचे वजन ३५ किलोच्या पुढे होते. आजचे ५०० वॅटचे हेड गिटारच्या बॅगेच्या पुढच्या खिशात मावते. जड ट्रान्सफॉर्मरची जागा स्विचिंग पॉवर सप्लायने घेतली आणि क्लास डीमध्ये फारच थोडी वीज उष्णतेत वाया जात असल्यामुळे उष्णता बाहेर टाकणाऱ्या मोठ्या हीट सिंकचीही गरज उरली नाही.

खरा घोळ वॅटच्या आकड्यात आहे. डब्यावर ठळक छापलेले ५०० वॅट हे ४ ओहमचा भार जोडल्यावर मिळतात. ८ ओहमचे एकच कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडले की तेच हेड साधारण २५० ते ३०० वॅट देते. हे ऐकून पुष्कळ जण निराश होतात आणि थेट ८०० वॅटच्या हेडकडे वळतात. परंतु शक्ती दुप्पट केल्याने आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते आणि आवाज कानाला दुप्पट मोठा वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. याउलट ८ ओहमचे तसेच दुसरे कॅबिनेट शेजारी ठेवले, तर एकूण भार ४ ओहम होतो, हेडची पूर्ण शक्ती मिळते आणि हवा ढकलणारे स्पीकरचे शंकूही दुप्पट होतात. त्यामुळे खालच्या सुरांत जवळपास ६ डेसिबलपर्यंत वाढ मिळू शकते. म्हणून पैसे खर्च करायचे असतील तर ते मोठ्या हेडवर करण्याआधी चांगल्या संवेदनक्षमतेच्या (तेवढ्याच शक्तीत जास्त आवाज देणाऱ्या) कॅबिनेटवर करावेत, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. ९७ डेसिबलऐवजी १०० डेसिबल संवेदनक्षमतेचे कॅबिनेट घेणे म्हणजे हेडची शक्ती दुप्पट करण्यासारखेच आहे. मात्र हेडची किमान मर्यादा ४ ओहम असेल, तर ४ ओहमची दोन कॅबिनेट एकत्र जोडू नयेत. तो भार २ ओहम होतो आणि हेड संरक्षणासाठी बंद पडते किंवा कायमचे बिघडते.

स्वराच्या बाबतीत बास (खालचे सूर) आणि ट्रेबल (वरचे सूर) यांच्यापेक्षा मिडच्या (मधल्या सुरांच्या) नॉबवर लक्ष द्यावे, आणि त्या मिडची फ्रिक्वेन्सी फिरवून निवडता येते की नाही हे खरेदीपूर्वीच पाहावे. बेस गिटारच्या सगळ्यात खालच्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. पाच तारांच्या बेस गिटारवर खालचा बी ३१ हर्ट्झवर जातो. छोटी कॅबिनेट हे मूळ सूर मुळातच क्षीण वाजवतात आणि आपल्या कानाला तो सूर बऱ्याच अंशी त्याच्या वरच्या हार्मोनिक्समधून (मूळ सुराच्या पटीतील सुरांमधून) कळतो. घरी एकट्याने वाजवताना बास वाढवलेला आवाज भरदार वाटतो, पण ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की तोच आवाज चिखल होतो. तालमीत मी हे मुद्दाम करून पाहिले. बास ६ डेसिबल वाढवल्यावर त्या पट्ट्यात चौपट शक्ती लागते. प्रत्येक जोरदार सुरावर हेडमधील लिमिटर (मर्यादेपलीकडचा आवाज रोखणारा भाग) आवाज दाबू लागला आणि सुराची सुरुवातच बोथट झाली. मग बास मध्यावर आणला आणि ४०० हर्ट्झच्या जवळ मिड थोडा उचलला, तेव्हा मास्टर व्हॉल्यूमला हात न लावता प्रत्येक सूर सुटा ऐकू येऊ लागला. ज्या हेडवर ३० ते ४० हर्ट्झखालचे कापणारा हाय-पास फिल्टर असेल, त्याला मी नेहमी प्राधान्य देईन, कारण ऐकू न येणाऱ्या हालचालीत स्पीकरचा शंकू आणि हेडची ताकद दोन्ही वाया जातात.

मोठ्या स्टेजवर श्रोत्यांपर्यंत जाणारा बेस बहुतेक वेळा डीआय आउटपुटमधूनच (हेडमधून थेट साउंड मिक्सरकडे जाणाऱ्या जोडणीतून) जातो, त्यामुळे तो चांगला असणे अत्यावश्यक आहे. प्री (स्वराच्या नॉबआधीचा सिग्नल) आणि पोस्ट (नॉबनंतरचा सिग्नल) असा स्विच हवाच. मी तो प्रीवर ठेवतो, म्हणजे स्टेजवर ऐकू येण्यासाठी मी मिड कितीही फिरवला तरी साउंड इंजिनियरने बसवलेले मिश्रण बिघडत नाही. ड्राइव्हचा खरखरीत स्वर गाण्याचाच भाग असेल तेव्हा मात्र पोस्ट लागते. गुणगुण ऐकू आली तर डीआयचे ग्राउंड लिफ्टचे (मिक्सरकडे जाणारा ग्राउंडचा जोड तोडणारे) बटण दाबावे. प्लगची अर्थिंगची पिन काढणे हा जीवघेणा उपाय आहे. ट्रान्झिस्टरवरील हेडचा आणखी एक फायदा असा की कॅबिनेट न जोडताही ते चालू ठेवता येते, त्यामुळे कॅबिनेट नसलेल्या ठिकाणी मी केवळ डीआयवर वाजवतो. व्हॉल्व्ह हेडच्या बाबतीत असे कधीही करू नये.

हलकेपणाचे तोटेही आहेत. हेड इतके हलके असते की कॅबिनेटच्या थरथरीने ते सरकत जाते आणि जाड स्पीकर केबलचा ताण त्याला मागच्या कडेकडे ओढतो. खाली न घसरणारी रबरी चटई घातल्यापासून ते जागेवर राहते. स्पीकॉनचे (स्पीकर केबलच्या प्लगचे) टोक फिरवून नीट अडकवावे आणि गिटारची केबल स्पीकरसाठी कधीही वापरू नये. भर उन्हातील स्टेजवर हेडची हवा खेळण्याची जाळी झाकली गेली तर ते तापून बंद होते, म्हणून त्यावर गाण्यांचा कागददेखील ठेवत नाही. पंख्याचा आवाज शांत गाण्यात जाणवतो; ध्वनिमुद्रणासाठी घेणाऱ्यांनी तो दुकानात कान लावून ऐकावा. जनरेटरवर वाजवण्याचे प्रसंग येत असतील, तर १०० ते २४० व्होल्ट आपोआप स्वीकारणारे हेडच घ्यावे.

व्हॉल्व्ह हेडमध्ये जोरात वाजवल्यावर सूर जो हळूच दबतो आणि फुलतो, तो अनुभव येथे पूर्णपणे मिळत नाही. दुरुस्तीचा प्रश्नही वेगळा आहे. क्लास डीच्या बोर्डवरील सुटे भाग इतके बारीक असतात की बिघाड झाल्यास बहुतेक वेळा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो. म्हणून वॉरंटी आणि बोर्ड मिळण्याची सोय आधी विचारून घ्यावी. माझ्या बॅगेत डीआय असलेले एक प्रीॲम्प पेडल (बेसचा सिग्नल तयार करणारे छोटे उपकरण) कायम असते, आणि हेड ऐन कार्यक्रमात बंद पडल्यास साउंड इंजिनियरची केबल त्यात लावून पुढचे गाणे सुरू करता येते.