जुन्या कंपनीचा वाईट रेफरन्स: नोटीस, दावा, फौजदारी की कामगार आयुक्त?

ऑफर लेटर हातात पडलंय, जुन्या ठिकाणचा राजीनामा मंजूर झालाय आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या अहवालात नेमकी एक ओळ लाल रंगात आली आहे: 'वर्तनाबाबत तक्रारी, पुन्हा नोकरीवर घेण्यास अपात्र'. नव्या कंपनीची एचआर फोनवर गुळमुळीत बोलते, 'थोडं इंटर्नल अप्रूव्हल बाकी आहे' म्हणते. मित्रमंडळी एकच सल्ला देतात, अब्रुनुकसानीची केस ठोक.

एचआरमध्ये काम करताना या भांडणाची पलीकडची बाजू मी पाहिली आहे, म्हणून आधीच सांगते. केस नाव वाचवायला असते. नोकरी वाचलीच तर ती पहिल्या आठवड्यातल्या पत्रव्यवहाराने वाचते. दोन्ही हवं असलं तरी आधी काय हवं हे ठरवल्याशिवाय खालचे पर्याय एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

आधी कागद

मार्ग कोणताही घ्या, नेमकं काय कळवलं गेलं आणि कोणाला, याचा पुरावा लागतोच. जुना मॅनेजर फोनवर जे बोलला ते तुम्हाला नव्या एचआरने सांगितलं, तर कोर्टात ती ऐकीव गोष्ट ठरते. त्या बाईंना स्वतः साक्षीला उभं राहावं लागेल, आणि दुसऱ्याच्या भांडणात कोर्टाची पायरी कोण चढतो? म्हणून लेखी मागा, तेही नव्या कंपनीकडे. व्हेरिफिकेशन एजन्सीचं गिऱ्हाईक ती कंपनी असते, तुम्ही नाही.

मेल एवढाच असावा: 'माझ्या पडताळणी अहवालात प्रतिकूल शेरा असल्याचे आपण अमुक तारखेला फोनवर कळवलेत. त्या शेऱ्याची प्रत मिळावी, आणि निर्णय घेण्यापूर्वी माझे म्हणणे कागदपत्रांसह मांडण्यासाठी कामकाजाचे पाच दिवस मिळावेत.' जुन्या साहेबांचा उद्धार त्यात नको. 'फोनवर कळवलेत' हे शब्द मात्र मुद्दाम हवेत. समोरच्याने ते खोडले नाहीत तर बोलणं झाल्याची नोंद तुमच्याकडे राहते.

मेल आणि व्हॉट्सॲपचा नुसता प्रिंटआउट कोर्टात पुरत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात त्या नोंदीची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी अक्षर-अंकांची खूण) द्यावी लागते. तेव्हा मूळ मेल जपा, आणि ज्या फोनवर मेसेज आला तो एक्सचेंजमध्ये देऊन टाकू नका.

नोटीस

ऑफर अजून जिवंत असेल तर माझा कौल नोटिशीला. ती फक्त जुन्या कंपनीला पाठवायची. नव्या कंपनीला वकिलाचं पत्र गेलं की अडकलेली ऑफर कायमची बुडाली म्हणून समजा.

नोटिशीत तीन मागण्या ठेवता येतात: शेरा मागे घ्या, तसं नव्या कंपनीला लेखी कळवा, आणि यापुढे कोणी विचारलं तर फक्त हुद्दा आणि कामाच्या तारखा सांगा. पहिलीवर बहुधा घासाघीस होते. तिसरी पुष्कळदा पटकन मान्य होते, कारण बऱ्याच कंपन्यांचं कागदोपत्री धोरण तेच असतं आणि मॅनेजरने ते मोडलेलं असतं. कंपनीच्या वकिलाला हे एका वाचनात कळतं.

सोबत शेवटचं अप्रेझल, इन्क्रिमेंटचं पत्र आणि रिलीव्हिंग लेटर जोडा. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' असं कंपनीच्या लेटरहेडवर छापलेलं असताना तीन महिन्यांनी तीच कंपनी 'वर्तन असमाधानकारक' म्हणते, ही विसंगती कुठल्याही युक्तिवादापेक्षा जड आहे.

नोटिशीचा धोका एकच, पण मोठा. तिने मुदत थांबत नाही. 'आम्ही चौकशी करत आहोत' अशा उत्तरांची देवाणघेवाण करता करता वर्ष निघून जातं, आणि दिवाणी दाव्याला वर्षच असतं.

दिवाणी दावा आणि फौजदारी तक्रार

हे दोन्ही एकाच वेळी चालवता येतात, तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे.

मुदतीपासूनच फरक पडतो. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७५ नुसार लेखी बदनामीचा दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात दाखल करावा लागतो. 'प्रसिद्ध' म्हणजे इथे एका त्रयस्थाला कळवलं तरी पुरे. वर्ष मोजायचं ते मेल गेला त्या दिवसापासून, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नाही. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं मिळतात.

सत्याचा मुद्दा आणखी महत्त्वाचा. दिवाणीत मजकूर खरा ठरला की दावा संपतो. फौजदारीत, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली, मजकूर खरा असूनही तो लोकहितासाठी होता हे दाखवावं लागतं. ऐकायला हे तुमच्या फायद्याचं वाटतं. पण त्याच कलमाला अपवाद जोडलेले आहेत, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान त्यांतल्या एकात बसतं. एका मालकाने दुसऱ्याला विचारल्यावरून दिलेला रेफरन्स जवळजवळ त्यासाठीच घडवल्यासारखा तिथे जाऊन बसतो. दिवाणीतही असंच संरक्षण आहे, मात्र आकस सिद्ध झाला की ते गळून पडतं.

आकस दाखवतात तो तारखांनी. मार्चमध्ये तुम्ही कंपनीने पीएफ भरला नसल्याची तक्रार केली, एप्रिलमध्ये अप्रेझल बिघडलं, जूनमध्ये रेफरन्स खराब आला. हा क्रम कागदावर असेल तर दाव्यात जीव आहे. 'साहेबांचं माझ्याशी पटत नव्हतं' एवढंच असेल तर नाही.

दावा मुंबईत चालेल का, ही शंका नेहमी येते, कारण ऑफिस लोअर परळला आणि एचआर बंगळुरूला असा प्रकार सर्रास असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १९ नुसार जिथे नुकसान झालं तिथे किंवा जिथे प्रतिवादी राहतो वा काम करतो तिथे दावा लावता येतो. मेल मुंबईत वाचला गेला आणि ऑफर मुंबईत अडली, तर मुंबई धरता येते. इथल्या शहर दिवाणी न्यायालयाची मर्यादा जानेवारी २०२४ पासून १ कोटीवरून १० कोटी रुपयांवर गेली आहे, म्हणजे असा दावा हायकोर्टात न्यायचं कारण सहसा उरलेलं नाही. कोर्ट फी मात्र मागितलेल्या रकमेनुसार चढते. रागाच्या भरात दोन कोटींचा आकडा लिहिण्याआधी वकिलाला फीचा हिशोब विचारा.

मनाई हुकूम मागून तोच मजकूर पुढच्या कंपनीकडे जाण्यापासून थोपवता येतो, आणि दिवाणी मार्गाचा मला दिसणारा खरा उपयोग हाच आहे. नव्या कंपनीने तुम्हाला घ्यावं असा हुकूम मात्र मिळणार नाही. खासगी नोकरीचा करार कोर्टाकरवी बळजबरीने पाळायला लावता येत नाही. निष्काळजीपणे दिलेल्या रेफरन्सबद्दल जुना मालक जबाबदार ठरू शकतो, असं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ मध्ये ठरवलं. वकील तो निकाल दाखवतील. आपल्या कोर्टांवर तो बंधनकारक नाही.

फौजदारीकडे लोक धाक म्हणून बघतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. हा कायदा घटनात्मक असल्याचं सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मान्य केलं आहे. पण पोलीस स्टेशनात यासाठी एफआयआर होत नाही, स्वतः न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन जावं लागतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्याआधीच आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि आरोपी हद्दीबाहेर राहणारा असेल तर समन्सआधी चौकशीही होते. पूर्वी समन्सचा जो झटका बसायचा तो आता बराच बोथट झाला आहे.

शिवाय पुढच्या व्हेरिफिकेशनमध्ये कोर्ट रेकॉर्ड तपासताना तुमचं नाव निघतं. फिर्यादी म्हणून निघालं तरी 'जुन्या मालकावर केस करणारा उमेदवार' ही नोंद एचआरच्या नजरेतून सुटत नाही. हे न्याय्य नाही, पण असंच चालतं. म्हणून फौजदारी माझ्या यादीत शेवटी.

आधीच रुजू झाला असाल तर

रेफरन्स उशिरा आला आणि त्यावरून नव्या कंपनीने काढून टाकलं, तर भांडण दोन कंपन्यांशी होतं. तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असाल तर बाजू बरीच मजबूत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यात व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त पगाराचे पर्यवेक्षक कामगार धरले जात नाहीत. हुद्दा 'एक्झिक्युटिव्ह' असला म्हणून बाद होत नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतात. सुरुवात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, तडजोडीच्या अर्जाने होते, ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि काढल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. या यादीत नोकरी परत मिळण्याची शक्यता खऱ्या अर्थाने इथेच आहे. जुन्या कायद्यांकडून नव्या संहितेकडे जाण्याचा काळ आहे, तेव्हा अर्ज कुठे द्यायचा हे त्या आठवड्यात तपासूनच द्या.

मॅनेजर असाल तर हा दरवाजा बंद. करारात लिहिलेला नोटीस पिरियडचा पगार, आणि वर सांगितलेला दिवाणी मार्ग.

तीन वेगळ्या वाटा

लैंगिक छळाला विरोध केला म्हणून रेफरन्स बिघडवला असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून २०१३ चा कायदा उघडा. सध्याच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दलची धमकी त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे. तक्रारीची मुदत तीन महिने, कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीला योग्य वाटलं तर आणखी तीन.

सरकारी नोकरीत गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात ठरवलं. न कळवता वापरला असेल तर बहुतेकांना आधी प्रशासकीय न्यायाधिकरणात जावं लागतं, घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली हायकोर्ट त्यानंतर. खासगी नोकरदाराला ही सोय नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती बघण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची सवड दिलेली आहे. आज त्याचा नोटिशीत उल्लेख करावा, त्यावर विसंबू नये.

तडजोड झालीच तर

यातली बरीच प्रकरणं शेवटी ठरवून घेतलेल्या रेफरन्सवर मिटतात. तुम्ही दावा सोडता, ते ठरलेला मजकूर देतात. वकिलाचा खर्च जड जात असेल तर लक्षात ठेवा, महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, आणि तडजोडीचा मसुदा वकिलाच्या नजरेखालून जायलाच हवा. मजकुरासोबत चौकशीचा फोन कोण उचलणार, त्याचं नाव आणि हुद्दा लिहून घ्या, आणि बाकी कोणी उत्तर देणार नाही हेही. कागदावर 'सीनियर अकाउंटंट, २०१९ ते २०२५' आणि फोनवर जुने साहेब 'जरा जपून घ्या हं' म्हणाले, तर सगळं मुसळ केरात.