नोट्स परत वाचायच्या की स्वतःलाच प्रश्न विचारायचे?

भाची बांबोळीला नर्सिंग करते, म्हापशाहून येता-जाता बसमध्ये नोट्स वाचते, परवा विचारत होती मामा वाचतच राहू की प्रश्नांची कार्डं (पुढे प्रश्न, मागे उत्तर) करू? खर्च कशालाच नाही, जुन्या वहीचे कागद कापले की झालं. मेहनत कार्डांना जास्त, आठवलं नाही की चिडचिड होते, वाचताना मात्र सगळं येतंय असं वाटतं आणि तिथेच फसतो आपण. टिकण्याचं म्हणशील तर रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ५ मिनिटांनी परत वाचणारेच पुढे होते, पण आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवलं, न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६.

तासाभरात व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, असेल तर वाच. वॉर्डात महिन्यांनी लागणारं, पोटॅशियमची नॉर्मल रेंज, इन्सुलिनचे प्रकार वगैरे, त्याला कार्डंच. धडा अगदी नवा असेल तर आधी एकदा नीट वाचायलाच लागतो.