ओकचा ओंडका, रंगवलेली टोकं आणि माझी फसवणूक

चौथी फळी चौघांनी मिळून उचलली आणि हातातल्या हातात तिचे तीन तुकडे झाले. मधला भाग सुटून खाली पडला, कडेचे दोन आमच्या हातात राहिले. सॉ मिलवाल्या दादांनी करवत बंद केली, जवळ येऊन वाकून बघितलं आणि विचारलं, "ताई, घेताना टोक बघितलं नव्हतं का?"

बघितलं होतं की. टोकाला रंगाचा जाड थर होता, तोच बघितला होता.

मी लाकूडकाम करते. आधी हौस होती, आता त्यावरच पोट आहे. एका मोठ्या टेबलाचं काम आलं होतं. अखंड फळी, दोन्ही कडा सालीकडच्या, नैसर्गिक वळणाच्या, जोड कुठेही नको. एवढी रुंद सुकलेली फळी बाजारात सहज मिळत नाही, म्हणून ओंडकाच घ्यावा, हव्या त्या जाडीत चिरून घ्यावा आणि सावकाश सुकवावा असं ठरवलं. गिऱ्हाईक थांबायला तयार होतं. ओकचा ओंडका मिळाला तो १० फूट लांब, मधोमध सालीसकट ९ फूट घेराचा. फोटोत तर तो हत्तीसारखा पहुडलेला दिसत होता.

विकणाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही, तसं करून काही साधतही नाही. आणि खरं सांगायचं तर त्या माणसाने मला धडधडीत खोटं असं फारसं काही सांगितलंच नाही. त्याचं प्रत्येक वाक्य निम्मं खरं होतं. तेवढ्यावरच मी फसले.

"टोकांना रंग का लावलाय?" मी विचारलं होतं.

"चिरू नये म्हणून. लाकडाचं काम करता ना तुम्ही? माहीत असेल."

माहीत होतं. ओंडक्याची कापलेली टोकं बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने वाळतात आणि टोकाकडून आत भेगा पडत जातात. म्हणून झाड पाडल्यावर लगेच टोकांना मेण नाहीतर जाड रंग फासतात. ही चांगली पद्धत आहे, मीसुद्धा करते. त्यामुळे रंग बघून मला उलट बरंच वाटलं. म्हटलं, माणूस काळजी घेणारा आहे. आपल्याला माहिती आहे असं एखाद्याने सांगितलं की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक असावं.

मी विचारायला हवं होतं ते एवढंच: रंग कधी लावला? मिलवर दादांनी पटाशीने तो थर खरवडला तेव्हा खालून भुसा आणि गोंद यांचं मळलेलं मिश्रण निघालं. ते पटाशीच्या टोकाने उकरत गेलो, तर खाली गाभ्यापासून साधारण ९ इंचांवर एक चीर, वाढीच्या वलयाला धरून गोल फिरलेली, जवळपास पूर्ण चक्कर मारून आलेली. म्हणजे चीर आधीची, ती बुजवली नंतर आणि रंग त्याच्याही नंतर.

इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळ्या चिरा सारख्या नसतात आणि माझा सगळा पैसा याच फरकात गेला. लाकूड वाळताना वलयाच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. या ओढाताणीमुळे गाभ्यातून बाहेर जाणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा पडतात. त्या जवळपास प्रत्येक ओंडक्याला असतात, त्यात कुणाचा दोष नाही. टोकाचा फूटभर कापून टाकला की बऱ्याचदा सुटका होते. उरलीच एखादी, तर तिच्यावर डमरूच्या आकाराची लाकडी पाचर आडवी बसवतात; पक्की धरते आणि दिसायलाही छान. पण वलयाला धरून गोल जाणारी चीर, जिला रिंग शेक म्हणतात, ती वेगळी. ती झाड उभं असतानाच पडलेली असते. तिथे दोन वर्षांच्या वाढीचे थर एकमेकांना चिकटलेलेच नसतात आणि हे बिनसलेलं नातं खोडात लांबवर, कित्येकदा संपूर्ण लांबीभर जातं. तिथे पाचर काय करणार? नळीत नळी घातल्यासारखं लाकूड असतं ते. मधून चिरलं की प्रत्येक फळीवर दोन उभ्या रेघा उमटतात आणि फळीचे तीन भाग होतात.

वासानेही मला सांगितलं होतं. ओंडक्याजवळ खवट, आंबूस, मळमळेल असा दर्प येत होता. मी नाक मुरडलं तर तो म्हणाला, "ओल्या ओकला वास असतोच." असतो, थोडा उग्र. पण खवट नसतो. झाडाच्या आत जिवाणूंचा संसर्ग झाला की असला दर्प येतो, आणि वलयाची चीर नि सुकवताना आतून फाटणं या दोन्ही गोष्टी असल्या लाकडात हमखास भेटतात. हे मला दादांनी सांगितलं, पैसे देऊन झाल्यावर.

त्या दिवशी एकूण ११ फळ्या निघाल्या, अडीच इंच जाडीच्या. वरच्या दोन आणि खालच्या दोन ठीक होत्या, पण त्या सालीजवळच्या, म्हणजे अरुंद. तिसरी आणि नववी चिरेला चाटून गेलेल्या, त्यांच्या पाठीवरून लाकडाचे पापुद्रे सुटत होते. मधल्या पाचांचे तीन-तीन तुकडे. ज्या रुंद फळीसाठी हा सगळा खटाटोप केला होता, ती या पाचांतच होती.

आणि सहाव्या फळीच्या वेळी करवत किंचाळली. ठिणग्या उडाल्या, पात्याचे दात गेले. आत खिळे होते, तीन. भोवतीचं लाकूड निळं-काळं पडलेलं, कारण ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याला लोखंड लागलं की शाईसारखा डाग पडतो आणि तो रेषांच्या बाजूने वर-खाली पसरत जातो. हा डाग बुंध्याच्या टोकापर्यंत आला होता. रंग नसता तर आंधळ्यालाही दिसला असता. झाड कुठलं म्हणून मी विचारलं होतं तेव्हा उत्तर आलं होतं, "मोठ्या मोकळ्या जागेतलं." बरोबरच आहे! घराभोवतीचं आवारही मोकळंच असतं. तिथल्या झाडाला झोके, तारा, पाट्या, सगळं ठोकलं जातं. झाड शेंड्याकडून वाढतं, त्यामुळे खिळा ठोकला त्याच उंचीवर राहतो आणि खोड जाड होत होत त्याला गिळून टाकतं. म्हणूनच बुंध्याकडचा, माणसाच्या हाताला लागेल एवढा भाग सगळ्यात धोक्याचा. चिरण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवला असता तरी खोलवरचा खिळा सापडेलच असं नाही, पण फिरवायला हवा होता. मिलचा नियम स्पष्ट होता: लाकडात लोखंड निघालं तर पात्याचे पैसे ओंडक्याच्या मालकाचे. मालक मीच.

मापाचं गणित घरी बसून केलं. त्याने पैसे लावले होते घेराच्या चौथाईच्या सूत्राने: घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. हे सूत्र मुळात घेणाऱ्याच्या सोयीचं आहे. गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळाच्या साधारण ७८ टक्केच त्यातून येतात, चिराईतल्या नासाडीची सूट जणू आधीच मिळते. त्यामुळे सूत्र ऐकूनच मी निर्धास्त झाले. टेप कुठे धरली होती ते बघितलंच नाही. त्याने घेर घेतला होता बुंध्यापाशी, जिथे मुळांकडे खोड फाकतं, तिथे, सालीवरून: १० फूट. हिशेब झाला ६२.५ घनफूट. मधोमध, एक इंच साल वजा करून घेर भरतो साडेआठ फूट, म्हणजे ४५ घनफूट. सूत्र तेच, वापरलंही बरोबर, आणि साडेसतरा घनफूट हवेचे पैसे मी मोजले.

आता मूर्खपणाचा दुसरा अंक. हा लिहायला मला जास्त जड जातं, कारण पहिल्यांदा फसणं समजू शकतं.

मी फोन केला, भांडले. तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही. आधी म्हणाला, "रेझिन भरा ना ताई, आजकाल लोक मुद्दाम फटीवाल्या फळ्या मागतात, मधून नदी केल्यासारखं दिसतं." ओल्या लाकडाला रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं ते प्लास्टिकसारखं द्रव्य, नीट धरत नाही आणि फळी आकसली की कडेने सुटून येतं, हे मी सांगितल्यावर पवित्रा बदलला. "मग असं करा, चार खराब फळ्या परत द्या, थोडी वरची रक्कम द्या, मी तुम्हाला भट्टीत सुकवलेल्या दोन तयार फळ्या देतो. ओलाव्याचा मीटर लावून घ्या." तो असा बोलला की नुकसान त्याचंच होतंय असं वाटावं.

मीटर लावला. ९ टक्के. दोन्ही फळ्यांवर, तीन-तीन ठिकाणी. मी स्वतः लावला, माझाच मीटर.

माझ्या मीटरच्या सुया जेमतेम पाव इंच आत जातात. फळी अडीच इंच जाड. वरचं कातडं कोरडं आहे एवढंच त्या ९ आकड्याने मला सांगितलं होतं, आणि मी ते पूर्ण फळीचं प्रमाणपत्र समजून घेऊन आले. घरी आणून पहिली फळी टोकापासून दीड फुटावर आडवी कापली. ताज्या कापावर, बरोबर मध्यभागी सुया टोचल्या तर २१. आणि तो आकडा बघायच्या आधीच डोळ्यांना दिसलं होतं ते: कापाच्या मधोमध बारीक, दोन्हीकडे निमुळत्या, डोळ्याच्या आकाराच्या भेगांची रांग. पृष्ठभागावर एक ओरखडा नाही, आत मधमाशांचं पोळं. ओकला भट्टीत सुरुवातीलाच घाईने तापवलं की बाहेरचा थर आकसू न शकता तसाच ताठ राहतो, आतला मागाहून वाळताना आकसायला बघतो आणि आतल्या आत फाटतो. याला उपाय नाही. रंधा मारत गेलं की भेगा एकेक करून वर येतात.

उघड्यावर सुकवताना इंचाला एक वर्ष असा ठोकताळा सांगतात, आणि जाड ओकला तोही पुरत नाही. जाड लाकूड वेळेशिवाय सुकत नाही हे मी शिकवते लोकांना. असो.

दुसरी फळी मी कापली नाही, आधी स्पिरिटने पुसली. हे मात्र जमल्यास नक्की करा, दोन मिनिटांचं काम आहे. फडक्याने स्पिरिट फिरवायचं आणि नुसतं बघत बसायचं. पृष्ठभाग भरभर वाळतो, पण केसाएवढ्या चिरेतलं स्पिरिट मागे राहतं आणि ती गडद रेघ होऊन दिसते. माझ्या फळीवर अशा १४ रेघा मोजल्या. त्यांतल्या काहींत लाकडाच्याच रंगाची पुट्टी भरून वर मेण घासलं होतं. उन्हात तिरकं धरून बघितलं की तेवढाच भाग वेगळा चमकत होता.

परत फोन केला तेव्हा त्याने हात वर केले. "मीटर तुम्हीच लावलात ना?" लावला होता. लेखी काहीच नव्हतं. पावतीवर फक्त "ओक लाकूड" आणि आकडा.

आता कुणी मला ओंडका घेण्याबद्दल विचारलं तर मी एकच अट सांगते: दोन्ही टोकांची दोन-दोन इंच जाड चकती माझ्यासमोर कापा, मग बोलू. रंग असो नसो. खराखुरा विकणारा कुरकुरतो, पण कापतो. त्याचं नुकसान काय, दोन इंच. सुकवलेली फळी असेल तर टोकापासून निदान एक फूट आत कापून ताज्या कापावर मीटर. टोकावर नको, टोकं आधीच वाळलेली असतात. घेर मधोमध आणि सालीखाली घ्यायचा. आणि पावतीवर "भट्टीत सुकवलेलं, आतला ओलावा अमुक टक्के" असं लिहून घ्यायचं. लिहायला जो टाळतो त्याचं उत्तर तिथेच मिळतं.

टेबलाचं काम हातचं गेलं. उरलेल्या तीन फुटक्या फळ्या मी चिरेच्या रेघेवरूनच उभ्या कापल्या आणि मधला गाभ्याचा भाग सरपणात टाकला. कडेचे पट्टे, सहा-सात इंच रुंद, त्यांत मात्र वलयं फळीला जवळजवळ काटकोनात उभी आली होती आणि ओकची ती चंदेरी, वाघाच्या पट्ट्यांसारखी चमक दिसत होती. सालीलगतचं फिकट लाकूड कापून टाकलं, त्याला भुंगा पटकन लागतो आणि पिठासारखा भुसा पाडत बसतो. पट्ट्यांमध्ये इंचभर जाडीच्या काठ्या घालून थप्पी रचली आहे, वर वजन ठेवलंय. खुर्च्या होतील.

परत दिलेल्या चार फळ्यांपैकी एक परवा मला विक्रीच्या फोटोंत दिसली. खिळ्याच्या निळ्या-काळ्या डागाचा आकार विसरण्यासारखा नव्हता, एका बाजूला शेपटी फुटलेला. दोन्ही चिरांत काळं रेझिन भरलंय, वर झकास पॉलिश. खाली लिहिलंय, "नैसर्गिक रेषा, पूर्ण सुकलेली". टोकांना रंग आहे.