कांदा निर्यात: बंदी, शुल्क की किमान मूल्य? निवेदन लिहिण्याआधी हिशेब मांडू

उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरला की सहा महिने जीव टांगणीला लागतो. एप्रिलमध्ये शंभर क्विंटल टाकले तर ऑक्टोबरात साठ-सत्तर निघाले तरी नशीब म्हणायचं. काही वजनात घटतो, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. ही घट सोसायची ती पुढे भाव मिळेल या एका आशेवर. आणि भाव चढायला लागला की दिल्लीहून अधिसूचना निघते.

सरकारला पाठवायच्या निवेदनात काय मागायचं, यावर आमच्या शेतकरी कंपनीच्या बैठकीत दोन तास खल झाला. निर्यातीवर कसलंच बंधन नको, एवढं एकच वाक्य लिहा, असं निम्म्या लोकांचं म्हणणं. तत्त्व म्हणून मलाही तेच मान्य आहे. पण १९९८ साली दिल्लीची विधानसभा निवडणूक कांद्याच्या भावावर फिरली, हे कुठलंही सरकार विसरलेलं नाही. शहरात कांदा महागला की सरकार काहीतरी करणारच. मग आपल्याला सर्वांत कमी काय मारतं आणि सर्वांत जास्त काय, हे ठरवून मागणी लिहिली पाहिजे. तुमच्या गावात, गटात हीच चर्चा चालू असेल तर हा हिशेब उपयोगी पडावा.

आधी दार कुणाचं ठोठवायचं ते. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य (ज्याखाली माल बाहेर विकता येत नाही ती किंमत) हे दोन्ही परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे वाणिज्य मंत्रालय, १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली लावतं. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालय लावतं. बफर साठ्याची, म्हणजे भाव आवरण्यासाठी सरकार राखून ठेवतं त्या कांद्याची, खरेदी ग्राहक व्यवहार खात्याकडे. कृषी मंत्रालयाच्या हातात यातलं काहीच नाही, आणि आपली बहुतेक निवेदनं जातात तिकडेच.

गेल्या काही वर्षांत हे सगळे प्रयोग आपल्यावर होऊन गेले आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी टनाला ८५० डॉलर किमान मूल्य, मग महिनाअखेरीस बंदी. ती मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ पर्यंत. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर किमान मूल्य, ८ डिसेंबरपासून बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क एकत्र आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आणलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

शुल्क

समजा, दुबईचा व्यापारी न्हावा शेवा बंदरात किलोला ४० रुपये द्यायला तयार आहे. प्रतवारी, गोणी, वाहतूक, कंटेनर, निर्यातदाराचा नफा मिळून १० रुपये धरू. शुल्क नसेल तर लिलावात ३० रुपयांपर्यंत बोली जाऊ शकते. २० टक्के शुल्क लागलं की त्या ४० मधले ८ रुपये सीमाशुल्काकडे गेले, उरले २२. ४० टक्क्यांना १६ गेले, उरले १४. स्थानिक बाजारात त्याहून जास्त भाव असेल तर निर्यातदार लिलावात उभाच राहणार नाही.

हे शुल्क दुबईचा ग्राहक भरेल, असं काही जण म्हणतात. तसं होत नाही. पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा त्याच्यासमोर उभा असतो. आपला महागला की तो तिकडे वळतो. जास्तीचा भार परत येऊन आपल्या ट्रॉलीवरच पडतो.

तरीही शुल्काची एक गोष्ट बाकी दोघांत नाही. तो पैसा नोंदला जातो. सरकारी तिजोरीत जमा होतो, संसदेत त्याबद्दल प्रश्न विचारता येतो, आणि केंद्राच्या करातून राज्यांना जो वाटा मिळतो त्यात सीमाशुल्कही मोजलं जातं. शेतकऱ्याकडून किती घेतलं याचा आकडा सरकारच्याच वहीत राहतो. जो आकडा वहीत आहे, तो परत मागता येतो.

शुल्क सौम्य आहे असा मात्र याचा अर्थ काढू नका. २०२२-२३ मध्ये देशातून २५.२५ लाख टन कांदा गेला, साडेचार हजार कोटी रुपयांहून जास्त किमतीचा. २०२३-२४ मध्ये, म्हणजे पावणेचार महिने बंदी असलेल्या वर्षात, १७.१७ लाख टन. आणि २०२४-२५ मध्ये, बंदी मे महिन्यातच उठलेली असूनही, १८ मार्चपर्यंत फक्त ११.६५ लाख टन. त्याआधीच्या हंगामात उत्पादनही बरंच घटलं होतं, त्यामुळे सगळा दोष शुल्काला देता येणार नाही. पण ४० टक्के शुल्क आणि त्यावर किमान मूल्य असा जोड लावला की दार उघडं असूनही माल बाहेर पडत नाही, हे त्या उन्हाळ्यात आम्ही पाहिलं.

किमान निर्यात मूल्य

ऐकायला हे सगळ्यांत बरं वाटतं. ठरलेल्या किमतीखाली विकू नका, एवढंच. पण ८०० डॉलर टन म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने किलोला सुमारे ६७ रुपये. परदेशी ग्राहक ४० देत असेल तर ही बंदीच झाली, नाव वेगळं. आणि तिजोरीत एक रुपयाही येत नाही.

कागदावरची लबाडीही इथे वेगळी होते. शुल्क असलं की बिलात किंमत कमी दाखवण्याकडे कल. किमान मूल्य असलं की किंमत फुगवून दाखवायची आणि वरचा पैसा दुसऱ्या वाटेने खरेदीदाराला परत करायचा. सचोटीने धंदा करणारा निर्यातदार दोन्हीकडे मागे पडतो, आणि आपल्या शेतकरी कंपन्या त्यातच मोडतात. म्हणून माझ्या मते किमान मूल्याची मागणी आपण स्वतःहून कधीही करू नये.

बंदी

बंदी सरकारला स्वस्त पडते. अर्थसंकल्पात तिच्यासाठी तरतूद करावी लागत नाही, अनुदान द्यावं लागत नाही, वसुलीची यंत्रणा लागत नाही. एक पानी अधिसूचना काढली की काम झालं. खर्च होतोच, पण तो निफाडच्या, चांदवडच्या, जुन्नरच्या शेतकऱ्याच्या घरात होतो आणि कुठल्याच सरकारी वहीत दिसत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० ते २०१६ या काळाचा हिशेब केला होता. खतं, वीज, पाणी यांची सगळी अनुदानं जमेला धरूनही, व्यापारावरच्या बंधनांमुळे भारतीय शेतकऱ्याचा आधार उणे निघाला, त्याच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्के उणे. इथे अनुदान दिल्याची जाहिरात होते, तिथे घेतलेल्याची पावतीही मिळत नाही.

दुसरा खर्च सीमेपलीकडे. बांगलादेश हा आपल्या कांद्याच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. २०१९ च्या बंदीनंतर त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आल्या, तेव्हा भर सभेत म्हणाल्या की, मी माझ्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय; निदान आधी कळवत तरी जा. पुढच्याच वर्षी पुन्हा न कळवता बंदी आली आणि ढाक्याने लेखी नाराजी कळवली. त्या दोन वर्षांत त्यांनी तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, पाकिस्तानातून कांदा आणला आणि स्वतःची लागवड वाढवायचं मनावर घेतलं. बंदी उठते तारखेला, पण तुटलेलं गिऱ्हाईक त्या तारखेला परत येत नाही.

जागतिक व्यापार संघटनेच्या मूळ करारातही हा फरक आहे. निर्यातबंदीला मुळात मनाई आहे. अन्नपदार्थांची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती सूट. निर्यातशुल्काला तशी मनाई नाही.

बंदीच्या काळात आणखी एक गोष्ट घडली, ती मला सर्वांत जास्त लागली. २०२४ च्या वसंतात सरकारने मित्रदेशांसाठी कोटा काढला: बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस, श्रीलंका, मिळून ९९,१५० टन. शेजाऱ्याची गरज भागवणं योग्यच आहे. पण तो कांदा राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत, इथे सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडून घेतला गेला आणि तिथे वाटाघाटीने ठरलेल्या दराने दिला गेला. परराष्ट्र धोरणाचा लाभ देशाला मिळाला, तो माल पिकवणाऱ्याला बाहेरचा भाव मिळाला नाही. मैत्री देशाची असेल तर तिचा खर्चही देशाच्या अर्थसंकल्पातून व्हावा.

सरकारी खरेदी

बफर साठा हा चौथा मार्ग. केंद्राच्या किंमत स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्था खरेदी करतात. २०२३ मध्ये उद्दिष्ट ३ लाखांवरून ५ लाख टनांवर नेलं. शुल्काविरुद्ध लासलगावचे लिलाव बंद पडले तेव्हा २,४१० रुपये क्विंटलने २ लाख टन घेण्याची घोषणा झाली. हा खर्च अर्थसंकल्पात दिसतो, म्हणून मला हा मार्ग तत्त्वतः पटतो. अडचण आहे ती माल परत बाजारात येण्याच्या वेळेची. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून १,६०० टन कांदा रेल्वेने दिल्लीला गेला. शहरी ग्राहकाला तो दिलासा होता. तोच साठा लाल कांद्याची, म्हणजे खरिपाच्या नव्या पिकाची, आवक सुरू झाल्यावर बाहेर आला तर आपल्या नव्या मालाचा भाव पाडतो.

मग निवेदनात काय? बंधन नको, हे पहिलं वाक्य. टंचाई खरी असेल तर आधी बफर साठा बाहेर काढा. तरीही भागलं नाही तर शुल्क, १० ते २० टक्क्यांच्या आत, संपण्याची तारीख त्याच अधिसूचनेत लिहिलेली, आणि जमा झालेली रक्कम कांदा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत चाळी आणि शीतगृहांवर खर्च करण्याची अट. बंदी आणि किमान मूल्य नको.

आणि एक कलम वगळू नका: निघालेल्या मालाला नवा नियम लागू नको. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली तेव्हा पेट्रापोल, घोजाडांगा, महादीपूर इथल्या बांगलादेश सीमेवर ट्रक भरून उभे होते. काहींना सोडायला दिवसच्या दिवस गेले. ताडपत्रीखालचा कांदा पावसाळी उकाड्यात तापतो, गोणीला पाणी सुटतं, आणि वास आला की पलीकडचा व्यापारी गोणी उघडूनही बघत नाही. ज्या तारखेला माल बाजार समितीच्या आवारातून निर्यातीसाठी भरला गेला, त्या तारखेचा नियम त्याला लागू राहावा, असं स्पष्ट शब्दांत लिहा.